भुसारी सर, तुमचं कार्ड मी कापलं

सर, तुम्ही गेल्यापासून आपल्या स्वयंसेवकांच्या ग्रुपवर निरोपांचा नुसता पाऊस पडतोय. हसतमुख, प्रेमळ, सगळ्यांना सांभाळून घेणारे, असं लोक लिहितायत. कोणाबद्दल लिहितायत तेच मला आधी कळेना. तुम्ही हसतमुख नव्हता. इतक्या वर्षांत मी तुम्हाला फार तर चारदा हसताना पाहिलं, आणि त्यातलं एकदा मी पायऱ्यांवरून घसरून पडले होते तेव्हा. सांभाळून घ्या, असं तुमच्यासमोर म्हणायची तर कोणाची बिशाद नव्हती. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहायचं असतं म्हणून लिहितात बिचारे. तुम्ही वाचलं असतं तर निम्म्या लोकांना ग्रुपमधून काढलं असतं.

सगळ्यांना ठाऊक असलेली एक गोष्ट मात्र कोणीच लिहीत नाही. जागतिक स्पर्धेचे सामने आपल्याकडे आले, त्यातल्या दुसऱ्या सामन्याच्या दिवशी, भर दुपारी, चाळीस स्वयंसेवकांच्या देखत मी तुमचं कार्ड हातात घेतलं आणि कात्रीनं मधोमध कापलं. त्यानंतर अकराव्या दिवशी तुम्ही गेलात. माझ्यामुळे गेलात असं कोणी म्हणत नाही. तुमच्या पोटात काय वाढत होतं ते आता सगळ्यांना कळलंय. पण ते कार्ड मी का कापलं, हे मला कोणीतरी विचारायला हवं होतं. बरेच दिवस कोणी विचारलं नाही, आणि ज्यांनी विचारलं त्यांना मी खोटं सांगून आले. म्हणून आता तुम्हालाच सांगायला बसले आहे.

आपलं काम बाहेरच्या माणसाला समजावून सांगताना पंचाईत होते. मी सदर भागातल्या ज्या विमा कचेरीत बसते तिथं सगळे विचारत होते, प्रज्ञा, तू तर रोज मैदानात होतीस, काय काय पाहिलं? मी सांगायची, काही नाही. त्यांना वाटायचं मी भाव खाते. स्टँडमधला स्वयंसेवक मैदानाकडे पाठ करून उभा राहतो, हे त्यांना ठाऊकच नाही. त्याचं तोंड लोकांकडे. कोण बाटली फेकायच्या बेतात आहे, कोणत्या म्हाताऱ्या बाईला भोवळ येतेय, कोणतं लेकरू कठड्यावर चढलंय, हे पाहायचं. पाठीमागं चेंडू सीमेपार गेला की समोरची माणसं एकदम उठतात, आणि काय झालं ते आपण त्यांच्या चेहऱ्यांवरून ओळखायचं. घरी गेल्यावर टीव्हीवर पाहायचं की आपण जिथं होतो तिथं काय झालं.

हा नियम सगळीकडेच असतो म्हणे. पण तो तुमच्यासारखा कोणी लावत नसेल. दुसरीकडे एखादा वळून पाहतो, त्याला कोणीतरी हटकतं, संपलं. तुमच्याकडे एकदा वळला की गेला. एका वर्षी तुम्ही काढून टाकलेला एक जण दुसऱ्या दिवशी त्याच कार्डावर आत शिरला आणि खुर्चीवर बसून आरामात सामना पाहून गेला. तेव्हापासून तुम्ही कार्ड कापायला लागलात. तेही नेमकं फोटोवरून, म्हणजे चिकटवून कोणाला दाखवता येऊ नये. कमरेला तुमचं ते रेक्झिनचं पाकीट असायचं, त्यात शिट्टी, सुतळी आणि कात्री. सकाळी सहाला सगळ्यांना रांगेत उभं करून तुम्ही ती कात्री एकदा वर धरून दाखवायचात. भाषण वगैरे काही नाही.

आता ती गोष्ट, जी तुम्हाला मी कधीच सांगितली नाही.

मी एकोणीस वर्षांची होते. इंदोऱ्याच्या वस्तीतून दोन बस बदलून मैदानावर यायची. कार्डासाठी फोटो हवा होता म्हणून सदरच्या एका स्टुडिओत गेले, ताईचा नवा ड्रेस घालून. फोटोवाल्यानं खांदे सरळ करायला सांगितले आणि मी खरंच चांगली आले. ते कार्ड मिळालं त्या दिवशी मी घरी येईपर्यंत गळ्यातून काढलं नव्हतं. पहिल्याच सामन्यात, जेवणानंतरच्या वेळी, पाठीमागं असा गलका उठला की माझी मान आपोआप वळली. तुम्ही तीन पायऱ्या वर होतात.

"काय पाहून राहिली होती वं?"

"काही नाही, सर."

"काहीच नाही दिसलं?"

"नाही, सर."

"मंग तं फुकटच गेली तू."

तुम्ही माझ्या गळ्यातून कार्ड काढलंत, पाकिटातून कात्री काढलीत आणि फोटोतल्या माझ्या नाकावरून कार्डाचे दोन तुकडे केलेत. आजूबाजूचे सगळे हसले. तुकडे माझ्या हातात देऊन तुम्ही म्हणालात, "आता तुले गेटवर कोणी ओळखत नाही. जाय."

ते तुकडे मी बसच्या खिडकीतून फेकले आणि घरी सांगितलं की कार्ड हरवलं. बाबा रेल्वेत खलाशी होते, अवजारं मोजून परत द्यायचे; वस्तू हरवणं त्यांना खपत नसे. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला वाटलं होतं की आता मेले तरी त्या मैदानावर पाय ठेवणार नाही. पण पुढच्या वर्षी अर्ज सुटले आणि मी पुन्हा भरला. का भरला, ते तेव्हा कळलं नव्हतं. तुमच्यासमोर फॉर्म घेऊन उभी राहिले तेव्हा वाटत होतं, की आता ओळखतील आणि सगळ्यांसमोर काहीतरी बोलतील. तुम्ही फॉर्म पाहिलात, मला पाहिलंत, आणि विचारलंत, "नवी का वं?"

मी म्हटलं, हो.

सर, त्या क्षणी मला जे वाटलं ते कात्रीच्या वेळी वाटलं होतं त्याहून वाईट होतं. तुम्ही विसरला होतात. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात लाजिरवाणा दिवस तुमच्या लक्षातसुद्धा नव्हता. नंतर आपण इतके सामने सोबत केले, चहा पिताना इतक्या जुन्या गोष्टी निघाल्या, मी एकदाही ते काढलं नाही. तुम्ही स्वतःहून आठवावं असं मला वाटायचं. तुम्हाला नाही आठवलं.

खोटं कशाला बोलू, तुमच्यामुळे मी माणसांत आले. मी मान खाली घालून बोलणारी मुलगी होते. गर्दीवर ओरडायचं नसतं, गर्दीतल्या एकाच माणसाशी बोलायचं, बाकीचे ऐकतात, हे तुम्ही शिकवलंत. आज कचेरीत दहा माणसं एकदम काउंटरवर येतात तेव्हा मी हेच करते. एकदा एका पुढाऱ्याचा भाचा सात-आठ जण घेऊन पासाशिवाय गेटवर आला होता. मी अडवलं तर त्यानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, आडनाव काय तुझं? कशासाठी विचारतोय ते मला कळलं, तुम्हालाही कळलं. तुम्ही मागून आलात आणि त्याला म्हणालात, "तिचं आडनाव तिच्या कार्डावर लिहिलं आहे, वाचता येते ना तुमाले? आता तुमचं कार्ड दाखवा." त्याच्याकडे कार्ड नव्हतं. तो गेला. तुम्ही माझ्याकडे वळून न पाहता पुढच्या गेटवर निघून गेलात, आणि मी त्या दिवशी तुमच्यासाठी कोणाशीही भांडले असते.

बाबा गेले तेव्हा तुम्ही इंदोऱ्याला आलात. मी आत बायकांमध्ये बसले होते, मला दिसत नव्हतं, पण बाहेरून तुमचा आवाज येत होता. खुर्च्या इकडे, चपला तिकडे, गाडीले जागा सोडा. वस्तीतल्या कोणाची ओळख ना पाळख, पण सगळे तुमचं ऐकत होते. नंतर भाऊ म्हणाला, तुझे सर दोन तास रस्त्याकडे तोंड करून उभे होते, बाबांकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. मला राग आला. पंधरा दिवसांनी तुम्हाला विचारलं, सर, माझ्या बापाचं तोंड तरी पाहायचं होतं. तुम्ही म्हणालात, "तुहे लोक पाहून राहिले होते ना? कोणीतरी रस्त्याकडे पाहाले पायजे." मी तुमच्याशी महिनाभर धड बोलले नाही. पण आमच्या त्या अरुंद गल्लीत त्या दिवशी धक्काबुक्की झाली नाही, एकही म्हातारा पडला नाही, हेही मला दिसलं होतं. राग आणि उपकार दोन्ही माझ्याकडे एकाच वेळी होते, तुमच्याबाबतीत नेहमीच असायचे.

आपलं एक भांडण तर अर्धवटच राहिलं. लहानपणापासून मी अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर पाणी वाटायला जाते. तिथंही आम्ही येणाऱ्या लोकांकडे तोंड करून उभे असतो, पाठ स्तूपाकडे. पण मधून मधून कोणीतरी जुना कार्यकर्ता येतो आणि म्हणतो, जाय वं, वंदन करून ये, तोवर मी उभा राहतो. मी तुम्हाला म्हटलं, आपल्याकडेही असं करा. प्रत्येकाला एक षटक. दुसरा त्याच्या जागी उभा राहील.

"तिथं स्तूप आहे वं. इथं काय आहे? अकरा पोट्टे बॉलमांगं पळून राहिले."

"मंग आपण काहून येतो, सर? टी-शर्टसाठी?"

तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात आणि म्हणालात, पाहू. दर वर्षी मी विचारायची आणि दर वर्षी तुम्ही पाहू म्हणायचात. तुम्ही आयुष्यभर शाळेत खेळ शिकवला, मुलांना उन्हात पळवलंत, आणि इतक्या सामन्यांत एक चेंडू पाहिला नाहीत. तुम्हाला पाहावंसं वाटत नसेल यावर मी कधीच विश्वास ठेवला नाही. पण तुम्ही कबूल केलं नाहीत, आणि मीही रेटलं नाही.

या वेळी सगळंच बदललं. स्पर्धा मोठी, तिची व्यवस्था बाहेरच्या एका कंपनीकडे. प्रशिक्षण मोबाइलवर, हजेरी मोबाइलवर. स्टँडच्या प्रमुखासाठी वयाची अट घातली आणि तुमची जागा मला दिली. हे सांगायला मी महाल भागातल्या तुमच्या घरी आले तेव्हा वाटलं होतं की तुम्ही माझ्यावर भडकाल. तुम्ही आत गेलात, ते रेक्झिनचं पाकीट आणलंत आणि माझ्यासमोर ठेवलंत.

"बरं झालं. मले एक टी-शर्ट दे अन् कुठंबी उभं कर."

काकूंनी पोहे आणले. तुम्ही खाल्ले नाहीत, मला वाटलं मनाला लागलंय. चार दिवसांनी तुम्ही तब्येतीचा फॉर्म घेऊन आलात. त्यावर डॉक्टरांची सही तुमच्याच अक्षरात होती. तुमचं अक्षर मी ओळखणार नाही असं तुम्हाला वाटलं कसं, सर? मी तो तसाच घेतला. फॉर्म गठ्ठ्यात ठेवला. तेव्हा स्वतःला सांगितलं की म्हाताऱ्याची हौस आहे, होऊ द्या. खरं म्हणजे तुम्ही माझ्या हाताखाली यावेत असं मला वाटत होतं. टी-शर्ट तुम्हाला खांद्यावरून लोंबत होता. मी चेष्टा केली, "डायटिंग करून राहिले का, सर?" तुम्ही म्हणालात, "काकू कमी वाढते." दोघंही हसलो नाही.

दुसरा सामना दोन परदेशी संघांचा होता, कामाचा वार, ऊन तापलेलं. आपला स्टँड पाऊणपट रिकामा. रिकाम्या खुर्च्यांकडे तोंड करून उभं राहायचं हे भरलेल्या स्टँडपेक्षा अवघड असतं, तुम्हीच सांगायचात. साडेअकराच्या सुमाराला रुखसार वळली. कामठीची मुलगी, कॉलेजच्या संघात गोलंदाजी करते, पहाटे उठून शेअर ऑटोनं आली होती. समोर धावत येणारा गोलंदाज पाय कसा टाकतो तेवढं तिला पाहायचं होतं. मी तिच्या गळ्यातून कार्ड काढलं. "मॅडम, सिर्फ एक बार," ती म्हणाली. मी कात्री काढली आणि फोटोवरून कापलं. आणि सर, माझ्या तोंडून तुमचेच शब्द आले. आता तुला गेटवर कोणी ओळखत नाही. जा. तिचं तोंड उतरलं ते मी पाहिलं. थांबले नाही.

तिच्या सोबतच्या मुली संध्याकाळपर्यंत सुटणार नव्हत्या, म्हणून ती स्टँडशेजारच्या आपल्या तंबूत बसून राहिली. दुपारी अडीचला मी पाणी प्यायला तिथं गेले. ती उठून उभी राहिली. डोळे सुजले होते. तंबूच्या फटीतून वरचा कठडा दिसतो, तिकडे बोट करून ती म्हणाली, "मॅडम, सर भी देख रहे हैं."

मी वर गेले. तुम्ही कठड्यावर दोन्ही हात ठेवून उभे होतात, तोंड मैदानाकडे. स्टँडमध्ये तुमची पाठ मी पहिल्यांदा पाहत होते. टी-शर्टच्या आत पाठीचं हाड दिसत होतं. तुमच्या मागं जेमतेम तीस माणसं बसली होती, निम्मी झोपलेली. बाकीचे स्वयंसेवक जागच्या जागी उभे होते आणि सगळे तुमच्याकडे पाहत होते. रुखसार माझ्या मागून जिना चढून आली होती. मी हळूच "सर" म्हटलं असतं तर तुम्ही वळला असतात आणि गोष्ट तिथंच मिटली असती. तुम्हाला खुर्चीवर बसवून पाणी देता आलं असतं. तुमच्या हाताची पकड पाहूनच कळत होतं की कठडा सोडला तर तुम्ही पडाल. मी पायऱ्या उतरत राहिले.

पावलं ऐकून तुम्ही वळलात. कार्डाची दोरी तुम्ही आधीच गळ्यातून काढलेली होती.

"उशीर केला वं," तुम्ही म्हणालात. "तीन बॉल झाले."

मी हात पुढे केला. तुम्ही कार्ड दिलंत. मी तुमच्याच पाकिटातून तुमची कात्री काढली आणि फोटोतल्या चष्म्याच्या काचांवरून कार्ड कापलं. प्लॅस्टिक जाड होतं, जोर द्यावा लागला. मग मी म्हटलं, "आता तुम्हाला गेटवर कोणी ओळखत नाही. जा." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मला वाटलं, आता आठवेल. आता म्हणाल, अरे, ती तूच का? तुम्ही फक्त "बरोबर आहे" म्हणालात आणि कठडा धरत धरत जिन्याकडे गेलात. कोणी हसलं नाही.

तुमचे तुकडे मी तुम्हाला दिले नाहीत, माझ्या पर्समध्ये ठेवले. संध्याकाळी कंपनीच्या साहेबांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं, की अशी शिस्त हवी. रुखसारचा रात्री मेसेज आला, "मॅडम, आपने सही किया." दुसऱ्या दिवसापासून आपल्या स्टँडमध्ये एकही मान वळली नाही. मी तुम्हाला फोन केला नाही. तुमचा येईल असं वाटत होतं. नंतरचे सामने होते, कचेरीचं काम साचलं होतं, कारणं हवी तेवढी होती. दोनदा गाडीवरून महालातून गेले, तुमच्या गल्लीच्या तोंडाशी वेग कमी केला आणि पुढं निघून गेले.

त्या सामन्याचं रेकॉर्डिंग मी मोबाइलवर शोधून पाहिलं. वेळ माहीत होती, षटक सापडलं. फलंदाजानं पहिला चेंडू सोडून दिला, तो विकेटकीपरकडे गेला. दुसरा त्यानं पुढं पाय टाकून अडवला. तिसराही अडवला. धाव नाही, अपील नाही, कोणी पळालंसुद्धा नाही. समालोचक जेवणाबद्दल बोलत होते. आयुष्यभर थांबून तुम्ही एवढं पाहिलंत. मी ते तीन चेंडू पुन्हा पुन्हा लावून पाहिले, काहीतरी सुटलं असेल म्हणून. काही सुटलं नव्हतं.

तुम्ही गेल्याचं ग्रुपवर कळलं. मी आले. गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती, तुमचे जुने-नवे सगळे स्वयंसेवक जमले होते. तुमचा मुलगा पुण्याहून आला होता, त्यानं मला ओळखलं आणि म्हणाला, ताई, तेवढी गल्लीच्या तोंडाशी गर्दी पाहता का? मला हायसं वाटलं. मी दोन तास गल्लीच्या तोंडाशी उभी राहून स्कूटरवाल्यांना दुसऱ्या रस्त्यानं काढत होते. तुम्हाला नेलं तेव्हा माझ्या पाठीमागून नेलं. लोक म्हणाले, शेवटपर्यंत सरांच्या नियमानं वागली. कसला नियम, सर. तुमच्या तोंडाकडे पाहायची माझी छाती होत नव्हती, आणि उभं राहायला बरी जागा मिळाली, एवढंच. वळले असते तर कार्ड कापायला आता कोणी नव्हतं, तरी वळले नाही.

परवा काकूंना भेटायला गेले. पाहुणे परत गेले होते. काकूंनी मला जवळ बसवलं आणि सगळं सांगितलं. दिवाळीनंतरच डॉक्टरांनी निदान केलं होतं. तुम्ही कोणालाही सांगायचं नाही अशी तंबी दिली होती, स्पर्धा झाल्यावर पाहू म्हणालात. त्या दुपारी तुम्ही लवकर घरी आलात, काही न बोलता भिंतीकडे तोंड करून झोपलात आणि त्यानंतर फारसे उठला नाहीत.

"माझ्याबद्दल काही बोलले?" मी विचारलं.

"नाही वं."

भिंतीवर तुमचा फोटो लावला होता, लग्नातला, केस भरपूर असलेला. काकूंना तो पसंत नव्हता. म्हणाल्या, "हा कोण पोट्टा आहे, असं वाटते मले. तुह्या त्या कार्डासाठी यायनं फोटो काढला होता ना, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, तो लय चांगला आला होता. मोबाइलमधून पोरानं काढून टाकला. कार्डावरचा असंल तं दे, मोठा करून घेतो."

मी पर्स उघडली आणि दोन तुकडे काढून दिले. काकूंनी ते मांडीवर ठेवून जुळवून पाहिले. चष्म्यावरून चीर गेली होती, डोळे नीट जुळत नव्हते.

"हे कोणं कापलं?"

"मी, काकू."

"काहून?"

"सरांनी वळून सामना पाहिला."

"यायनं?" काकूंना ते खरंच वाटेना. "काय पाह्यलं?"

"तीन बॉल. त्यात काही झालं नाही."

काकूंनी दोन्ही तुकडे पुन्हा जवळ सरकवले. मग म्हणाल्या, "काहीच झालं नाही, तं मंग काहून कापलं वं?"

मी सांगितलं, नियम होता काकू. सकाळीच एका मुलीचं कापलं होतं, ती पाहत होती. सगळेच पाहत होते.

काकूंनी मान हलवली. "नियम यायनंच केला असंल."

"हो."

"मंग त्यायले वाईट नसंल वाटलं. तू मनाले लावून घेऊ नोको." त्या उठल्या, कपाटातून चिकटपट्टी आणली आणि मला म्हणाल्या, तुकडे घट्ट धरून ठेव, हलू देऊ नको. मी धरले. काकूंनी डोळे बारीक करून तुमच्या चेहऱ्यावर पट्टी चिकटवली, नखानं दाबून सारखी केली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

नियम होता हे खरं आहे, सर. रुखसार पाहत होती हेही खरं आहे. पण कात्री तुमच्या फोटोवरून जात होती तेव्हा मला नियम आठवत नव्हता आणि रुखसारही आठवत नव्हती. मला ताईचा तो ड्रेस आठवत होता. मला बरं वाटत होतं, सर. इतकं बरं मला त्याआधी कधीच वाटलं नव्हतं.